पितरांना हवं हिरवंगार कडवळ

लोकांना गाईच्या पोटाशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना फक्त हिरवा रंग दिसायला हवा. हे मी गिरगावात एका देवळाबाहेर शिकले. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्या देवळाबाहेर एक मावशी गाय घेऊन बसायची. नवरा गेल्यावर तिचं पोट त्या एका गाईवर. येणारे-जाणारे तिच्याकडून चाऱ्याची पेंढी घ्यायचे, गाईला भरवायचे, पाठीला हात लावून पाया पडायचे की चालले. समोरच माझं ब्लाउज शिवायचं दुकान. पेंढ्या यायच्या माझ्या धाकट्या भावाकडून. तो चाळ सोडून पालघरकडे कडवळ पिकवतो, म्हणजे चाऱ्याची ज्वारी. मावशीशी त्याची गाठ मीच घालून दिलेली.

त्या वर्षी त्याने अर्ध्या शेतात बियाण्याला जिवाणू खत चोळलं, ते म्हणे हवेतला नत्र पिकाला देतं, आणि युरिया निम्म्यावर आणला. मी म्हटलं, "नसते उद्योग!" उरलेल्या अर्ध्यात नेहमीसारखा भरपूर युरिया. कापणीला दोन्हीकडचा चारा उन्नीस-बीस. जिवाणूवालं दिसायला जरा फिकं, एवढंच. युरियावालं आधी कापून संपलं, मग हे फिकं यायला लागलं. गाय तर मिटक्या मारत खायची.

पण गिऱ्हाईक! "मावशी, हे काय पिवळट? पितरांच्या नावाने देतोय, जरा बरं ठेवा की!" अरे बाबा, गाय खातेय ना? तुझ्या पितरांना रंगाची कसली पडलीय? मावशीचं तोंड एवढंसं व्हायचं. सर्वपित्री अमावास्या पाच दिवसांवर आली, तिचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मी भावाला फोन लावला.

"अमावास्येला मला काळंभोर हिरवं कडवळ पाहिजे. काय टाकायचं ते टाक."

"ताई, आता युरिया टाकला तर एवढ्यात कापायचं नसतं गं. त्यात पाऊसही नाही. गाईला बाधतं."

"मला अक्कल शिकवू नकोस! मावशीची अमावास्या बुडाली तर तुझं तोंड बघणार नाही."

त्याने टाकला. अमावास्येला पेंढ्या अशा हिरव्यागार की लोकांनी रांग लावून भरवलं. दुपारी गाय थरथरायला लागली. तोंडाला फेस आला, पाय दुमडून बसली ती उठलीच नाही. गुरांचे डॉक्टर आले, रक्त बघितलं, चॉकलेटी झालेलं. इंजेक्शन दिलं, पण उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, "चाऱ्याला युरिया कधी दिला होता?" मी म्हटलं, "मला काय माहीत? भावाला विचारते."

सकाळी पुण्य घेऊन गेलेले आता मोबाईल काढून शूटिंग करत होते. मेल्यांनो, लाजा नाहीत तुम्हाला!

भाऊ संध्याकाळी धापा टाकत आला. मावशी त्याला वाट्टेल ते बोलली. "माझी लक्ष्मी खाल्लीस रे! तुझ्या शेतात काडी उगवायची नाही!" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं, मावशी." बस्स, तेवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा संताप आला मला! अरे मूर्खा, बोल ना! सांग ना, ताईने सांगितलं म्हणून टाकला!

तो गेल्यावर मावशीने माझा हात धरला. "तू नको रडू गं. तुझा काय दोष? भाऊ काय आपण निवडून घेतो?"

मी मान डोलावली.