एसीचा कुबट वास आणि माझे ओले टॉवेल

बायांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहून राह्यली.

आमच्या एसीले महिनाभर कुबट वास येऊन राह्यला. नवऱ्याचं एकच पालुपद, "तू ओले टॉवेल खोलीत टाकते." मी टॉवेल गच्चीवर नेले, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले. वास तसाच!

आज देऊळघाटहून नणंदबाई आल्या. एसी लावताच त्यांनी नाकाले पदर लावला. तर हे त्यांच्यासमोर म्हणतात, "हिले स्वच्छतेची सवयच नाही."

मी तडक मागच्या अंगणात गेली. एसीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून यांनीच पाइप ड्रममध्ये सोडलेला, पार तळापर्यंत. ड्रम भरला, पाइपचं तोंड बुडालं आणि पाणी मागेच तुंबून सडलं. पाइप वर उचलला, तर काळं, बुळबुळीत पाणी भसाभसा बाहेर आलं. नणंदबाईंनी डोळ्यांनी पाह्यलं.

यावर हे काय म्हणाले? "मग तू आधीच काऊन नाही पाह्यलं?"

एसीची जाळी धुतली, वास गेला. ओले टॉवेल आता मुद्दाम यांच्याच खुर्चीवर टाकलेत.

तुमच्या घरात कुठंही वास आला, तर पहिलं नाव कोणाचं निघते?