सासूबाईंचे दात आणि जीपची थरथर

मिस्त्री मुळातच कमी बोलणारा. लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, मुलगी बोलकी आहे, दोघांचं भागेल. आणि भागलंही. पुढे बायकोची विधवा आई राहायला आली. जिभेने तिखट, पण जावयाशी थेट बोलायचं नाही या वळणातली. "तुझ्या नवऱ्याला सांग, नळ गळतोय," असं ती ओट्यापासून म्हणायची. "तुझ्या आईला सांग, वायसर आणलाय," असं मिस्त्री बाहेरच्या खोलीतून म्हणायचा. खोल्या दोनच, मध्ये दार नाही, नुसती चौकट. दोघांनाही एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू जायचं. तरी बायको मान इकडून तिकडे वळवत निरोप पोचवायची, आणि पोचवता पोचवता त्यात पदरचं मीठही घालायची. "आई म्हणते नळ गळतोय, आणि तुम्ही आज फार दमलेले दिसता." यातलं दुसरं आई कधीच म्हणालेली नसायची. ते तिघांनाही माहीत होतं, आणि त्यावर घर चाललं होतं.

गेल्या थंडीत बायको गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि दोघंच परत आली.

मिस्त्री रडला नाही. शेजारपाजारचे कुजबुजले, काळीज आहे की ऐरण?  दाताचा डॉक्टर सुई मारतो तेव्हा गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं. हात भाजला तर फोड दिसल्यावर कळायचं. चहात साखर नसली तरी कप रिकामा व्हायचा. सकाळी गॅरेजचं शटर वर जायचं, संध्याकाळी खाली यायचं.

घरात आता निरोप्या नव्हता. म्हातारी सवयीने "सांग गं" म्हणून सुरुवात करायची आणि गप्प बसायची. ताट वाढून सरकवायची. तो जेवून ताट मोरीत ठेवायचा. दोन मुक्यांचं घर, पण त्यातला एकही मुका नव्हता.

अशात म्हातारीच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. लेक गेल्यावर जावयाच्या दारात काय बसून राहतेस, माझ्याकडे ये, रविवारी मुलाला पाठवते. म्हातारीने कपडे घडी केले, पिशवी भरली आणि बाहेरच्या दाराशी, मिस्त्रीच्या पायात येईल अशी ठेवली. तिला जायचं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की या माणसाने स्वतःच्या तोंडाने एकदा म्हणावं, राहा. त्याशिवाय राहिलं तर ते लोचटपणाचं राहणं झालं असतं, आणि म्हातारी उपाशी मरेल पण लोचट होणार नाही. मिस्त्रीने पिशवी पाहिली. तिला वळसा घालून तो कामावर गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. म्हातारीला तिकडे बरं वाटत असेल, असं त्याला वाटलं. स्वतःला काय वाटतं ते पाहायला गेला, तर तिथे काहीच हाताला लागलं नाही.

त्याच आठवड्यात मोजणीवाल्याची जीप परत आली. हा जमिनी मोजत डोंगरातल्या खाणींकडे फिरणारा माणूस. वाटेवरच्या दगडांना गाडीचं पोट घासायचं, म्हणून मिस्त्रीने जुने पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या वाकड्या पट्ट्या, काढून जास्त कमानीचे बसवले आणि गाडी चार बोटं वर उचलून दिली होती. दिसायला झाली झक्कास. पण मोजणीवाला तोंड वाकडं करून उभा. हळू चालवली तर काही नाही, फार पळवली तरी निभतं, मधल्या वेगाला मात्र गाडी हिवताप आल्यासारखी कापते.

मिस्त्री फिरवून आला. त्याला काही जाणवलं नाही.

एरवी हा माणूस पत्र्यावर तळवा ठेवून सांगायचा, की थरथर चाकाची आहे, शाफ्टची आहे की नुसती मालकाच्या मनातली. आता तळवा ठेवला तर पत्रा गार लागला, एवढंच. मोजणीवाला म्हणाला, तुमचं लक्ष नाही, शनिवारपर्यंत बघा, नाहीतर मी दुसरीकडे नेतो. मिस्त्री बरं म्हणाला. हातातली कला गेली की काय, हा विचार त्याच्या मनात आला आणि बसमधल्या अनोळखी माणसासारखा शेजारी बसून राहिला. त्याची भीतीसुद्धा वाटली नाही. त्याने चाकं तपासली, शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस हलवून पाहिले. सगळं घट्ट होतं.

शुक्रवारी म्हातारीला कवळी घेऊन दवाखान्यात जायचं होतं. खालची कवळी सैल झाली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, माणूस वाळला की हिरड्याही वाळतात. चालत जाण्यासारखं नव्हतं. मिस्त्रीने जीप दारात आणून हॉर्न वाजवला, तोच निरोप समजायचा. उंच केलेल्या जीपमध्ये चढताना म्हातारीने उचलणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अर्थात स्वतःशीच, पण ऐकू जाईल असा.

गाव मागे पडलं, गाडीने वेग घेतला, आणि म्हातारीच्या तोंडातून आवाज यायला लागला. टक टक टक टक. उकळत्या भांड्यावरचं झाकण वाजावं तसा. तिने तोंडावर हात धरला. मिस्त्रीने पाय सैल केला, आवाज थांबला. पाय दाबला, पुन्हा सुरू. अजून दाबला, थांबला. असं त्याने चार वेळा केलं. चौथ्यांदा म्हातारीचा संयम सुटला. रस्त्याकडे बघत, मधल्या रिकाम्या जागेला उद्देशून ती म्हणाली, "सांग त्यांना, मी माणूस आहे, खुळखुळा नाही."

मधल्या जागेने काही सांगितलं नाही.

"शाफ्ट आहे," मिस्त्री म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही, पण सासूबाई सोडून गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

दवाखान्यात जायचं राहिलंच. त्याने तिथूनच गाडी वळवली. कवळी घट्ट झाली असती तर त्याचं यंत्रच गेलं असतं.

गॅरेजमध्ये म्हातारीला आडव्या टायरवर बसवून तो गाडीखाली गेला. ओळंब्याची दोरी सोडली आणि तिच्या आधाराने दोन्ही टोकांचा कल मोजला. बराच वेळ नुसतेच पाय बाहेर दिसत होते. म्हातारीला राहवेना. काय दिसतंय म्हणून तिने विचारलं, आणि या खेपेला "सांग गं" मध्ये आलं नाही.

खालून आवाज आला, की इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत हा मधला दांडा, म्हणजे शाफ्ट, नेतो. गाडी उचलली की दांडा तिरका होतो. तिरका झाला तरी चालतो, पण दोन्ही टोकांना सारखाच वाकायला हवा. एका टोकाला थोडा आणि दुसऱ्याला जास्त वाकला, की अडखळत फिरतो.

"म्हणजे दोष मधल्याचा नाही," म्हातारी म्हणाली.

"नाही. मधला बिचारा फिरतोय."

गाडीखालून नट सैल करण्याचा आवाज आला.

मग मिस्त्री बाहेर आला. हातात लोखंडाची पाचर होती, गाडी उचलताना बसवलेली. डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली आपण कागदाची घडी सारतो, तशी पाटा आणि मागच्या चाकांचा कणा यांच्यामध्ये ही पाचर बसवतात, म्हणजे कणा हवा तेवढा कलतो. एक बाजू जाड, एक पातळ. जाड बाजू या गाडीला मागे हवी होती. ती पुढे होती. दुसऱ्या चाकाकडची पण तशीच. जो कल काढायला पाचर घालायची, तोच दुप्पट झाला होता. आणि दोन्ही पाचरांवर खडूने बाण काढलेला होता, पुढची बाजू कोणती ते दाखवणारा. बाण मिस्त्रीच्याच हातचा. आधी नीट बघून खूण केली, आणि मग त्याच हातांनी खुणेच्या उलटं बसवलं. दोन्हीकडे. नट आवळून.

आयुष्यभरात असं झालं नव्हतं. नवशिका करेल तर त्याला हाकलून देतील अशी ही चूक. तो बाणाकडे बघत उभा राहिला. लाज वाटेल म्हणून वाट पाहिली, तीही आली नाही.

"तुमची चूक?" म्हातारीने विचारलं.

"माझीच."

"मी परवा भांड्याखाली जाळ पेटवला आणि भांड्यात पाणीच घातलं नाही," ती म्हणाली. "तळ जळला. तुम्हाला वास आला नाही?"

"नाही."

"मलाही नाही आला."

शनिवारी पाचरा सुलट्या बसल्या. मिस्त्रीने पुन्हा दारात हॉर्न वाजवला. म्हातारी पिशवीला वळसा घालून बाहेर आली आणि कुरकुरत वर चढली. तोच रस्ता, तोच वेग. दात गप्प. पण मिस्त्रीचं समाधान होईना. त्याने तिरक्या डोळ्याने पाहिलं, तर म्हातारीने जबडा दाबून धरला होता. कालची फजिती पुन्हा नको म्हणून.

"आई, तोंड मिटू नका. बोलत राहा, तरच कळेल."

"काय बोलू?"

"काहीही."

आता इतक्या वर्षांचं तुंबलेलं असं सांगितल्यावर बाहेर यायला वेळ लागत नाही. म्हातारी बोलली. नळ अजून गळतोय. जेवण कसं झालंय ते एकदा तरी सांगावं, वाईट झालंय म्हणून सांगितलं तरी चालेल. लेक सांगायची की तुम्हाला माझ्या हातचं आवडतं, ते खरं होतं की तिनेच पदरचं घातलं होतं, देव जाणे. बहिणीच्या घरात तिची सून मला उठता बसता टोमणे मारेल. मग आवाज थोडा खाली आला. "उद्या भाचा येतोय. पिशवी दारात आहे, जावईबापू. तुम्हाला दिसते का नाही?"

दात एकदाही वाजले नाहीत.

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. काय म्हणायला हवं ते त्याला ठाऊक होतं. शब्द सोपा होता. पण मनात कोरडी विहीर, पोहरा सोडावा तर नुसता खडखडाट. खोटं कसं बोलायचं, आणि खरं काय ते कुठे बघायचं? मग त्याला जे खरंच माहीत होतं, ते त्याने सांगितलं.

"सोमवारी एक ट्रक येतोय. त्यालाही अशीच थरथर आहे. मला अजून जाणवत नाही. तुमचे दात लागतील."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. बघण्यासारखं काही नव्हतं, तोच चेहरा, कपाळाला ग्रीस.

"ट्रकमध्ये मी चढणार कशी?"

"पायरी करून देतो."

रविवारी भाचा आला तेव्हा दारातच अडखळला. पिशवी होती तिथेच होती, आणि तिच्या शेजारी वेल्डिंगचा ताजा वास येणारी एक पायरी, जीपच्या काढून टाकलेल्या पाट्यांची. म्हातारी पायरीवर उभी राहून चौकटीला धरून उंची बघत होती. आणखी दोन बोटं हवी, असं तिने आतल्या खोलीकडे बघून सांगितलं. भाच्याला चहा दिला. त्यात साखर नव्हती. तो एकच घोट घेऊन थांबला.

"साखर विसरलात, आई," मिस्त्री आतून म्हणाला. पण ते त्याने आपला कप अर्धा संपवल्यावर.

संध्याकाळी भाचा एकटाच परत गेला. पिशवी कोणी उचलली नाही. सोमवारी सकाळी कामावर निघताना मिस्त्रीने नेहमीसारखा वळसा घातला, चार पावलं गेला, परत आला आणि ती उचलून खाटेखाली सारली. मग पायरी काखेत मारली आणि म्हातारीला म्हणाला, कवळी घेतलीत ना.