एका ओळखीच्या माणसाचं विचारायचं होतं

वकिलांचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. जिना इतका अरुंद की वर जाणारा आणि खाली येणारा यांची गाठ हमखास जिन्यातच पडायची, आणि मग दोघंही एकमेकांना "सहज आलो होतो" असं सांगायचे. वकिलाकडे सहज कोणी जात नाही, हे दोघांनाही ठाऊक असायचं. पण लोकांत अजून थोडी लाज शिल्लक आहे, ही काही वाईट गोष्ट नाही.

वर आलेला माणूस खुर्चीत बसायचा, टेबलाच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर उगाच वाचायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "माझं काही नाही हो. एका ओळखीच्या माणसाचं विचारायचं होतं."

हा ओळखीचा माणूस भलताच अवली होता. त्याच्या कुत्र्याने पोस्टमनच्या पोटरीचा चावा घेतला होता. त्याने न वाचता कुठेतरी सही ठोकली होती आणि आता ती परत हवी होती. त्याला मृत्युपत्रातून धाकट्या भावाला वगळायचं होतं, पण भावाला ते कळायला नको होतं, निदान स्वतः जिवंत असेपर्यंत तरी. एका माणसामागे एवढी लचांडं, तरी तो स्वतः कधी वकिलांच्या ऑफिसात फिरकला नव्हता.

वकील मात्र त्याच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढत नसत. शांतपणे ऐकून घ्यायचे आणि उत्तर द्यायचे.

"शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुंपणावरून आत आली असेल, तर तुमच्या ओळखीच्यांनी आधी शेजाऱ्याशी बोलावं. मग लेखी कळवावं. कुऱ्हाडीला हात सगळ्यात शेवटी लावावा."

"आणि फळं?"

"फळं झाडाच्या मालकाची. खाऊन झाली असतील तर मला सांगू नका."

"छे छे, मी... म्हणजे त्याने, दोनच खाल्ली."

यावर वकील हसत नसत. चष्मा काढून पुसायचे आणि दर वेळी तेच वाक्य म्हणायचे, "तुमच्या ओळखीच्यांना म्हणावं, एकदा समक्ष या." माणूस मान डोलावून निघून जायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा जिना चढून यायचा. "समक्ष आलोय," असं खाली मान घालून सांगायचा, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. या वाक्यामुळे लोकांनी त्यांचं नाव 'समक्ष वकील' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

प्रश्न काही फक्त ऑफिसातच गाठायचे नाहीत. न्हावी कानाजवळ कात्री थांबवून विचारायचा. लग्नात वकील घास तोंडात घालणार, एवढ्यात मागून खांद्यावर हात पडायचा. दातांच्या डॉक्टरने तर कमाल केली. वकिलांचं तोंड उघडं, आत दोन्ही हात, आणि विचारतो काय, तर भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकले तर त्याला घराबाहेर काढता येईल का. म्हणजे एका ओळखीच्याचं आहे. वकील म्हणाले, "आँ." डॉक्टरने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी भाडेकरूला दम भरला. ते निस्तरताना वकिलांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून ते त्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचे, "तोंड बंद असेपर्यंत विचारून घ्या."

असे दिवसभर शब्द वाटून वकील घरी यायचे, तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरलेला असायचा. तो म्हणजे 'हं'.

त्यांची पत्नी चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून आरसा पुढे धरणं, दांडी कानामागे टोचते का ते पाहणं, "वय दिसत नाही हो यात" असं मन लावून खोटं बोलणं, हे सगळं त्यांच्याकडे. गल्लीत त्यांना 'चष्मेवाल्या बाई' म्हणत. बाईंना बोलायला आवडायचं, आणि दुकानात रोज काहीतरी घडायचंच. संध्याकाळी जेवताना त्या सांगायच्या आणि पेपरमागून 'हं' यायचं. पडदे बदलायचे का? हं. निळे की हिरवे? हं. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "आज दुकानात हत्ती आला होता. वाचायचा चष्मा हवा म्हणाला." वकील "हं" म्हणाले आणि पान उलटलं. त्यानंतर बाईंचं बोलणं हळूहळू कमी झालं. घर शांत झालं, आणि हा गृहस्थ काय समजला, तर संसार सुरळीत चाललाय.

मग एका संध्याकाळी टेबल पुसता पुसता बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं."

वकिलांनी पेपर खाली घेतला. प्रश्न कायद्याचा असला की त्यांना घरीसुद्धा वाचा फुटायची.

"बाईमाणसाला घटस्फोट न घेता वेगळं राहता येतं का?"

"न राहता यायला काय झालं? कोणी बांधून ठेवू शकत नाही. आणि वेगळी राहिली म्हणून तिचे हक्क आपोआप बुडत नाहीत. पुढचं कागदपत्रं बघून सांगता येईल."

"आणि जाताना स्वतःच्या वस्तू नेता येतात?"

"ज्या तिच्या, त्या तिच्या. पावत्या असल्या तर उत्तम. नेताना एखादं त्रयस्थ माणूस हजर असावं, म्हणजे मागाहून तू तू मैं मैं नको."

बाईंनी फडकं पिळलं, वाळत घातलं. तिसरा प्रश्न त्यांनी पाठमोऱ्याच विचारला. "नवऱ्याने बायकोशी बोललंच पाहिजे, असं कायद्यात कुठे आहे का हो?"

वकिलांना गंमत वाटली. "असं कलम कुठेच नाही. कायदा मारू नको म्हणतो, टाकू नको म्हणतो, सांभाळ म्हणतो. बोल असं काही म्हणत नाही." आपलंच वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. "तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, एकदा समक्ष ये."

"सांगते," बाई म्हणाल्या. वकिलांनी पेपर वर घेतला.

प्रकाश पडला तो दुसऱ्या दिवशी, न्हाव्याच्या खुर्चीत. न्हावी म्हणाला, "साहेब, एका मित्राचं विचारायचं होतं," आणि वकिलांच्या डोक्यात लख्ख झालं. इतक्या वर्षांत ऑफिसात कोणाचा मित्र निघाला होता? कोणाची वहिनी, कोणाचा शेजारी, कोणाची मैत्रीण? झाडून सगळे स्वतःच! ते इतक्या जोरात दचकले की वस्तऱ्याने हनुवटीवर रेघ ओढली. न्हावी घाबरून म्हणाला, "राहू दे साहेब, माझंच आहे ते, नंतर विचारतो."

हनुवटीला कापूस लावून वकील कोर्टात गेले. तिथल्या वकिलांच्या खोलीत त्यांचा जुना जाडजूड सहकारी शेंगदाणे खात बसला होता. वकील त्याच्याशेजारी बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझ्या एका अशिलाचं विचारायचं होतं."

"विचार."

"त्याची बायको वेगळं राहायचं म्हणते आहे. म्हणजे तसं म्हणाली नाही, आडून चौकशी केली. तक्रार एवढीच की तो घरात बोलत नाही."

सहकाऱ्याने शेंगदाण्याची सालं फुंकली. "मग अशिलाला म्हणावं, बोल." थोडा वेळ चघळून त्याने कापसाकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

वकिलांचे कान लाल झाले. माणसं त्या अरुंद जिन्यात एकमेकांना खोटं का सांगतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आतून कळलं. त्यांना भीती वाटत होती. बाईंशिवायचं घर त्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहिलं, आणि पुन्हा आणण्याची हिंमत झाली नाही.

मग सुधारणा सुरू झाली. वकील लवकर घरी यायला लागले, आणि बोलायला लागले. पण बोलणार कसे? जन्मभर बोलण्याची एकच रीत ठाऊक.

"आज दुकानात गिऱ्हाईक होतं का?"

"होतं."

"त्यात ओळखीचं किती आणि अनोळखी किती?"

"अहो, गप्पा मारताय की जबानी घेताय?"

एकदा त्यांनी कप विसळले आणि इतके नीट जागेवर ठेवले, की बाईंना सकाळी चहा गाळायला एकही सापडेना. पडद्यांचा विषय काढला, तर पडदे मागच्या वर्षीच बदलले होते, हिरवे. वकील त्यांच्याकडे पाठ करूनच रोज पेपर वाचत होते. बाई हे सगळं पाहत होत्या. दिवसभर साक्षीदारांच्या चेहऱ्यावरून खरंखोटं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोच्या चेहऱ्यावरचं काही केल्या वाचता येईना.

आणि एका रविवारी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली. पुसून, चेन तपासून दाराशी ठेवलेली. वकिलांनी ती पाहिली. विचारायचं धैर्य होईना. ते बॅगेच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिले, ती हललीच तर आपण आडवे पडू अशा तयारीने.

दारावरची बेल वाजली. वकिलांनी दार उघडलं. दारात गल्लीच्या टोकाची शिवणवाली उभी होती. बाईंचे ब्लाऊज हीच शिवायची.

"भाऊजी, बॅग न्यायला आले. आणि तुमचे आभार मानायला. समक्ष ये म्हणाला होतात ना? आले बघा."

वकिलांना काही उमगेना. शिवणवाली मात्र सुटलीच होती. "तुमच्या दोन्ही उत्तरांनी मोठा धीर आला हो मला. काल मशीन नेलं, तुम्ही म्हणालात तसं शेजारच्यांना उभं करून. आता तुमच्या या बॅगेत भरून कपडे नेले की झालं. मी काही घटस्फोट-बिटस्फोट घेत नाही. माणूस वाईट नाही आमचा. पण बोलतो हो! उठल्यापासून तोंड चालू. मी सुईत दोरा ओवायला घेतला तरी, कसा ओवावा ते सांगतो. झोपेत बोलतो. मला थोडे दिवस शांतता पाहिजे, दुसरं काही नको." आतून बाई आल्या, दोघी जरा कुजबुजल्या, हसल्या, आणि शिवणवाली बॅग ओढत निघून गेली.

वकिलांच्या अंगातून भीती सर्रकन उतरली. मैत्रीण खरी होती! इतक्या वर्षांत पहिला खरा ओळखीचा माणूस, आणि तो नेमका त्यांच्याच घरात निघाला होता. ते एकटेच मोठ्याने हसले, पेपर उचलला, खुर्चीत टेकले. मथळा वाचला. पुन्हा वाचला.

दोन्ही उत्तरांनी, म्हणाली ती. आणि प्रश्न तर तीन होते. जिचा नवरा झोपेतसुद्धा बोलतो, ती कशाला विचारेल, नवऱ्याने बोलावं असं कायद्यात कुठे आहे का म्हणून?

पेपर मांडीवर पडला. त्या तिसऱ्या उत्तरावर आपण कसे खूश झालो होतो, तेही त्यांना आठवलं आणि स्वतःची शरम वाटली.

ते स्वयंपाकघरात गेले. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कप धूत होत्या. वकिलांनी घसा खाकरला. न्यायाधीशांपुढे न अडखळणारा हा माणूस भिंतीवरचं कॅलेंडर उगाच वाचत उभा राहिला. शेवटी इतकी वर्षं कानांवर पडलेलं तेच वाक्य मदतीला धावून आलं.

"माझ्या एका ओळखीच्या माणसाचं विचारायचं होतं."

नळ चालूच होता. "विचारा."

"तो घरी फारसा बोलत नाही. बायकोला वाटतं, त्याचं लक्ष नसतं. त्याला आता बोलायचंय, पण जमत नाही. तर, फार उशीर झालाय का, असं तो विचारतोय."

बाईंनी नळ बंद केला. कप पालथा घातला. वळल्या नाहीत.

"त्यांना म्हणावं," त्या म्हणाल्या, "एकदा समक्ष या."

वकील जागच्या जागी घुटमळले. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून बाईंच्या शेजारी, ओट्यापाशी बसले.

"आलोय," ते म्हणाले. मग त्यांना एकदम आठवलं. "तो हत्ती... चष्मा घेऊन गेला का शेवटी?"

बाई गर्रकन वळल्या. ओल्या हातांतून पाणी गळत राहिलं.

"ऐकलं होतंत तुम्ही?"

"हं," वकील म्हणाले, आणि मग घाईघाईने, त्या पुन्हा पाठ फिरवतील या भीतीने, "म्हणजे हो. ऐकलं होतं. सगळं ऐकतो मी. उत्तर द्यायचं तेवढं राहून गेलं."