कड्यावरचा नर

ऑर्फा डेकर्डचा राग सगळ्या खोऱ्याला ठाऊक होता. रविवारचं प्रवचन लांबलं की ती घड्याळ बघायची, आणि पाद्रीबाबांना दिसेल अशा बेतानं बघायची. पण अमेरिकेतल्या मिझूरीच्या त्या डोंगराळ मुलखात टर्की या रानपक्ष्याच्या मादीची हाक तिच्यासारखी काढणारं दुसरं कुणी नव्हतं. सीडरच्या लाकडाची लांबट डबी, तिच्यावर झाकण घासलं की हुबेहूब मादी बोलायची. डब्या ती स्वतःच बनवायची, आणि नराला भुलवायला शिकारी लांबून त्या न्यायला यायचे.

तिनं मात्र बंदूक खुंटीला टांगली होती. पक्षीच कुठं उरले होते? तिच्या वडिलांच्या काळात खोऱ्यातले टर्की पार संपले होते. सरकारी माणसांनी दुसरीकडचे पक्षी खोक्यांतून आणून सोडले, आणि गावानं वर्षानुवर्षं बंदुकीला हात लावला नाही, तेव्हा कुठं कळप वाढले. आता ते पुन्हा घटले. रॅकून या निशाचर जनावराच्या कातड्याला कुणी विचारत नाही, म्हणून सापळे लावत नाही, आणि रॅकून अंडी फस्त करतात. त्यात गवत कापायची घाई. घरट्यावर बसलेली मादी यंत्राखाली जाते.

"सरकार काय करतंय?" लोक विचारायचे.

"सरकारनं तुमच्या यंत्रापुढं आडवं पडावं काय?" ऑर्फा खेकसायची.

त्या वर्षी कड्यावर एकच म्हातारा नर उरला होता. माद्या होत्या दोन-चार. सगळ्या अंड्यावर बसेपर्यंत तो जगावा, एवढंच तिचं मागणं. धाकट्या भावाला, लायलला, तिनं आधीच बजावलं, "त्याला मारलंस तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"एवढा जीव टाकतेस, जावई आहे काय तो तुझा?" लायल हसला.

रोज सांजेला ती ओसरीवर येऊन घुबडासारखी घुमायची. घुबडाचा आवाज आला की फांदीवर झोपायला बसलेला नर उसळून ओरडतो, त्याला राहवतच नाही. तो ओरडला की ऑर्फाचा जीव भांड्यात पडायचा. मग ती आत जाऊन घेवडा आणि मक्याचा पाव खायची.

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी, फटफटतंय न फटफटतंय तोच, कड्यावर बार झाला. आधी ना मादीची हाक, ना नराचं उत्तर. म्हणजे झाडावर बसल्या जागीच मारला. नराला खाली उतरू द्यायचं, हाका मारून जवळ आणायचं, मगच गोळी घालायची, ही खोऱ्याची रीत. रीतीबाहेर वागलेला माणूस ते चारचौघांत बोलत नाही.

लायलच्या अंगणात तो पक्षी उलटा टांगलेला होता. ऑर्फा फाटक लाथेनं उघडून आत शिरली.

"लाज विकून खाल्लीस काय रे? झोपेतच मारलास त्याला!"

"परवाना आहे माझ्याकडं. हंगाम सुरू झालाय."

"चुलीत घाल तुझा परवाना! झाड कुणी दाखवलं तुला? बोल, कुणी चुगली केली? त्याचं नरडं धरते."

लायलनं सुरी खाली ठेवली. "अगं, तूच की. रोज सांजेला तू घुमतेस, तो ओरडतो. अख्खं खोरं ऐकतं. मी नसतो गेलो तर दुसरा कुणीतरी गेला असता."

 ऑर्फा तशीच मागे फिरली. वाटेत दिसलेल्या बादलीला तिनं अशी लाथ हाणली की अंगठा काळानिळा पडला. भावाचा राग होताच, पण स्वतःचा इतका आला की जेवण गेलं नाही. पुढं वर्षभर ती लायलशी बोलली नाही.

पुढच्या वसंतात, हंगाम तोंडावर असताना, कड्यावरून आवाज आला. फाटका, अर्धवट. गेल्या साली कुठलंतरी घरटं तगलं होतं, त्यातलं कोवळं पोर गळा काढत होतं. ऑर्फानं चुलीवरचा लोखंडी तवा उचलला, पळी घेतली आणि धावत सुटली. झाडाखाली उभी राहून तिनं तवा बडवला, बडवला.

"बोंबलतोस कशाला, मेल्या! माणूस दिसलं की पळायचं! पळ!"

पक्षी धडपडत उडाला, पलीकडच्या कड्यावर बसला आणि तिथून पुन्हा ओरडला.

ऑर्फा शिव्या हासडत ती चढण चढू लागली.