आमचा श्रावण अजून बाकी होता

देव माझं ऐकत नाही, असं गेल्या श्रावणात मी त्याला तोंडावर सुनावलं होतं. तीस वर्षं मी श्रावणात पालेभाजी सोडत आले होते, एक दिवसही नेम मोडला नव्हता. इथे हिंदी मुलखात, आमच्या थाटीपुरात असा नेम चालवणारी मी एकटीच, हे मी चारचौघींत मुद्दाम ऐकवायची. आणि एवढं करूनही, गुडघा बदलून महिना होत नाही तोच माझ्या मांडीवर निळे डाग उमटत होते, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं.

माझ्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मला जन्माची लागलेली. ऑपरेशनसाठी ती काही दिवस थांबवली, त्याऐवजी पोटात इंजेक्शनं दिली, मग पुन्हा सुरू केली. त्यानंतर दर आठवड्याला रक्ताची जांच. रक्त किती पातळ त्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. घसरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. आणि नव्या गुडघ्यात रक्त साठलं तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई मी, माझे आकडे मीच सांभाळीन म्हणून सूनबाईला रिपोर्टला हात लावू देत नव्हते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "माताजी, सावन चल रहा है, हरी सब्ज़ी तो नहीं छोड़ी?" पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी होतो, तेव्हा रोजचं खाणं एकसारखं हवं. मी ठसक्यात म्हटलं, "नहीं, रोज़ खाती हूँ." खोटं काहीच नव्हतं. इथे शेजाऱ्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आमचा अजून आषाढच चालला होता. माझी मेथी-पालक धरून गोळीचं प्रमाण ठरलं. मग आमचा श्रावण लागला, मी नेम धरला, आणि हे डॉक्टरांना कळवायचं असतं हे मला सुचलंसुद्धा नाही. पुढच्या जांचेत आकडा चारावर गेला. सूनबाई म्हणाली, "आई, डॉक्टरांना फोन लावू का?" मी तिलाच झापलं, "उगाच घाबरट आहेस, येईल खाली."

राखीच्या दिवशी रक्त न्यायला कुणी येईल असं वाटलं नव्हतं. पण लॅबमधली रेखा आली. बिड़ला नगरची, भावाकडे निघालेली, वाट वाकडी करून. सुई काढली तर रक्त थांबेना. कापूस दाबून ती बराच वेळ माझा हात धरून बसली, आणि मग सहज म्हणाली, "अम्मा, हमारा सावन तो आज पूरा हुआ. आप मराठी लोगों का तो अभी आधा बाकी है ना? साग छोड़ रखा है क्या?"

"तीस साल से," मी म्हटलं, शाबासकी मिळेल अशा थाटात. तिनं शाबासकी दिली नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी आकडा कळला, सहाच्या जवळ. दोन दिवस गोळी बंद, आणि भाजी नेहमीसारखी सुरू.

मी देवापुढे बसून रडले. रक्ताची भीती होतीच, पण तीस वर्षांचा नेम मोडतोय याचं दुःख त्याहून मोठं होतं, खरं सांगते. सूनबाईनं मेथीची वाटी आणून ठेवली. "आई, देवळात नैवेद्य दाखवून आणलीय. आता ही त्याचीच आहे." मी वाटी जवळ ओढली आणि पहिला घास खाल्ला.

आठवड्यानं आकडा तीनवर आला. गुडघा उघडावा लागला नाही. रेखाला त्या दिवशी तो प्रश्न कुणी सुचवला, यावर मी वाद घालत नाही. मला जे विचारायला हवं होतं तेच, अगदी वेळेवर, तिनं विचारलं, एवढं मला ठाऊक आहे. बिड़ला नगरच्या या मुलीला आमचं पंचांग माझ्यापेक्षा चांगलं लक्षात होतं, याचा मला आता माझ्या नेमाहून जास्त अभिमान वाटतो, आणि चारचौघींत मी हल्ली तिचीच गोष्ट सांगते.

यंदाही श्रावण लागला. पहिल्या दिवशी हात जोडून देवाला म्हटलं, काय सोडायचं ते आता तूच सांग, मी ठरवणार नाही. आणि नव्या गुडघ्यावर स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले, मेथी निवडायला बसले.