हात न लावणाऱ्या बाई

आमच्या आत्याकडे येणाऱ्या बाईंइतकं स्वस्थ बसता येणारं माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. हे मी पूर्ण विचार करून म्हणतो. मी वाशीमला मास्तर आहे आणि शाळेच्या कागदांपायी वीस वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो आहे, त्यामुळे बसण्यात हयात घालवलेली थोर माणसं मी जवळून पाहिली आहेत. पण ती माणसं काम होऊ नये म्हणून बसतात. बाई बसत ते काम व्हावं म्हणून. भिंतीला पाठ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले, आणि नजर समोरच्या माणसावर अशी रोखलेली की त्या माणसाला आपण परीक्षेला बसलो आहोत असं वाटावं.

आमची आत्या मंगरूळपीरला एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. तिचं सासर बागाईतवाल्यांचं. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायचं यात तिचा जन्म गेला. आतोबा गेले, मळा दिराकडे गेला, मुलगा पुण्याला गेला, पण आत्या आपल्या तीन खोल्यांतून हलली नाही. मग एका हिवाळ्यात सकाळी चूल पेटवताना तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. शेजारणीने वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. वाशीमच्या दवाखान्यातून ती परत आली तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय ओढत होता आणि शब्द तोंडातून ओल्या कापडासारखे बाहेर पडत होते.

माझा आतेभाऊ मनाने फार चांगला. तो म्हणाला, "आई, आता पुण्याला चल." आत्याने एकेक शब्द गोळा करत उत्तर दिलं, "तुह्या घरी खिडकीतून पाह्यलं का चक्कर येते. दारातून पाह्यलं का दुसऱ्याचं दार दिसते. मी नाई येत." बरीच रडारड झाल्यावर तडजोड ठरली. अक्षय्य तृतीयेपर्यंत आत्याने इथेच राहायचं, घरी सांभाळायला कोणीतरी ठेवायचं आणि तोपर्यंत ती आपली आपण राहण्याजोगी झाली नाही, तर मुकाट्याने गाडीत बसायचं. वाशीमला घरोघरी सेवेला माणसं पाठवणारी एक संस्था होती. मी तिथे नाव घालून आलो. आमच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यातली, हसऱ्या तोंडाची, तुरुतुरु चालणारी एखादी मुलगी होती. प्रत्यक्षात सकाळच्या बसमधून पन्नाशी उलटलेल्या या काटक बाई उतरल्या. आल्या, हातपाय धुतले, घरभर एक चक्कर मारली आणि आत्याच्या खाटेसमोर स्टूल ओढून बसल्या.

आत्याने पाणी मागितलं. बाईंनी हनुवटीने कोपऱ्यातल्या माठाकडे खूण केली. "थो काय माठ." मला वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. मी पेला उचलला, तशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, बसा खाली. तुमच्या हातानं माय पाणी पेली तं पुण्य तुमाले लागन. तिले काय लागन?" मी बसलो. आत्याला उठायला, भिंत धरून चार पावलं जायला आणि डाव्या हाताने ओगराळं बुडवायला जो वेळ लागला, तेवढ्यात माझ्या शाळेचा एक तास संपला असता. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. पाणी पिऊन झाल्यावर आत्याने बाईंना उद्देशून जे म्हटलं ते मला इथे लिहिता येणार नाही. बाई मात्र प्रसन्न झाल्या. "तोंड खुललं," म्हणाल्या.

हात लावायच्या नाहीत, पण घर मात्र त्यांनी चार दिवसांत उलटंपालटं केलं. माठ जमिनीवरून कमरेइतक्या ओट्यावर चढला. खाटेच्या पायांखाली विटा आल्या. न्हाणीत डाव्या हाताला धरायला लोखंडी दांडा ठोकला गेला. मिठाचा, तिखटाचा, साखरेचा डबा असा सगळा संसार उजवीकडून डावीकडे गेला. भांडण पेटलं ते उंबऱ्यावरून. बाईंना तिथे लाकडी उतार हवा होता आणि आत्या म्हणत होती, उंबऱ्यातून लक्ष्मी येते, त्याला हात लावायचा नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, "लक्षुमीचे दोन्ही पाय धड हायेत. तुमचा एकच हाये. उतार कोणासाठी करू?" आत्या दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी सुताराला बोलवा म्हणाली, पण वर हेही म्हणाली की उताराला हळदीकुंकू मी वाहणार. डाव्या हाताने वाहिलंही. निम्मं कुंकू सुताराच्या डोक्यावर पडलं.

बाईंचा दुसरा गुण म्हणजे भांडण. आत्याची जीभ सुटावी म्हणून डॉक्टरांनी तिला रोज बोलतं ठेवायला सांगितलं होतं. आम्ही भाबडेपणाने तिच्याशी गोड गोड बोलायचो आणि ती नुसती मान हलवायची. बाईंनी वेगळाच मार्ग धरला. त्या आत्यासमोर बसून धडधडीत चुकीचं बोलायच्या. मेथी दोन महिन्यांनी निघते म्हणायच्या. सांबार पेरताना धने अख्खेच टाकायचे असतात, रगडले की वाया जातात, असं ठासून सांगायच्या. जन्म मळ्यात गेलेल्या बाईला हे ऐकून गप्प बसवेल का? आत्या लाल व्हायची, अडखळायची, शब्द हुडकायची आणि अखेर फेकून मारल्यासारखा तो बाहेर काढायची. एकदा शाळेत मला शेजारणीचा फोन आला. "लवकर या, तुमच्या आत्याचं आन त्या बाईचं लय वाजून राह्यलं." मी रजा टाकून मिळेल ती बस धरली. जाऊन पाहतो तर आत्या खाटेवर ताठ बसून बोटं नाचवत होती, "अवं येडे, धने रगडून दोन फाका केल्याबिगर उगवन का थे?" आणि बाई स्टुलावर बसून खुशीत मान डोलावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, आज पुरं वाक्य आलं. शिव्या आजून लय साफ येतात, पण हयूहयू बाकीचंबी येईन."

एवढं असूनही मला त्या बाईंचा राग येई, हे कबूल केलं पाहिजे. म्हातारं माणूस घास तोंडाशी नेताना चारदा सांडतं आहे आणि धडधाकट बाई समोर बसून बघते आहे, हे पाहवत नसे. एक दिवस मी बोललोच. "बाई, तुम्ही एक घास भरवला तर काय बिघडेल?"

बाई स्टुलावरून न उठता सांगू लागल्या. त्यांचा नवरा झाडावरून पडला आणि कंबरेतून गेला. चार वर्षं अंथरुणावर होता. "म्या त्याले काई करू देल्लं नाई, भाऊ. घास मी भरवो. तोंड मी धुवो. कूस मी बदलो. हात चांगले होते त्याचे, सुरुवातीले आपल्या हातानं पोयी मोडून खाये. पण हयू होते म्हणून मलेच दम नव्हता. लोकं म्हणत, पाहा, कशी सेवा करून राह्यली. मलेबी गोड वाटे. मंग एक दिवस त्याच्या नाकावर माशी बसली, आन थ्यानं मले हाक मारली. माशी हाकलाले. हात होते न त्याले. पण हात आपले हायेत, हेच तो इसरला. तो पडून नाई, माह्या सेवेनं पांगळा झाला." नवरा गेल्यावर काही दिवसांनी त्या संस्थेत शिकायला गेल्या, म्हणाल्या. मी पुढे कधी घासाबद्दल बोललो नाही.

होळी होऊन गेली आणि बाईंनी एक नवंच खूळ काढलं. त्या आत्याला पडायला शिकवू लागल्या. दुपारी जमिनीवर सतरंजी टाकायची, आत्याने तिच्यावर आडवं व्हायचं आणि मग कुशीवर वळून, कोपरावर रेटून, सरकत सरकत खाटेपर्यंत जाऊन, खाटेचा पाय धरून उभं राहायचं. आत्या ओरडायची, "पडाचं काय शिकवतं वं? थे तं मले येते!" बाई म्हणायच्या, "पडनं सगळ्याले येते, माय. समदी गोष्ट पुढची हाये." शेजारच्या बाया खिडकीतून हा खेळ पाहायच्या आणि पदरात तोंड लपवून हसायच्या.

अक्षय्य तृतीयेला पंधरा दिवस राहिले असतील. बाईंचा सुटीचा दिवस होता. आत्या मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेली आणि ओल्या मातीवरून घसरून पडली. शेजारणीने पडल्याचा आवाज ऐकला आणि आत्याकडे जायच्या आधी पुण्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतेभाऊ गाडी घेऊन हजर. त्याचा चेहरा उतरला होता. रात्रभर गाडी चालवून आला होता बिचारा. मी वाशीमहून पोचलो, तेव्हा त्याने आईच्या कपड्यांची पिशवीसुद्धा भरायला घेतली होती. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, "ह्यांना काही करायलाच नको असतं. आई, आता बास. तू पडलीस. उद्या हाड मोडलं म्हणजे?"

आत्या म्हणाली, "पडली थे सांगतलं तुले. उठली थे नाई सांगतलं कोणी?"

तो काही समजला नाही. तशी आत्या खाटेवरून उठली आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत फरशीवर आडवी झाली. आतेभाऊ धावला. "हात नको लावू," आत्या म्हणाली, आणि ते तिने इतकं स्वच्छ म्हटलं की तो जागच्या जागी थबकला. आत्या कुशीवर वळली. कोपर रोवलं. ढोपराने रेटा दिला. मध्येच एकदा कोपर घसरलं आणि तिचं कपाळ फरशीला टेकलं. माझी नजर उगाच बाईंकडे गेली, आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्या हातांवर का बसतात. त्यांचे दंड थरथरत होते. ओठ दातांखाली होता. सगळं अंग पुढे झेपावू पाहत होतं आणि त्या आपल्याच वजनाने आपले हात दाबून धरत होत्या. त्या खोलीत सगळ्यांत जास्त कष्ट त्या वेळी कोण करत होतं, हे मला सांगता येणार नाही.

आत्याने खाटेचा पाय धरला. मग खाटेची कड. मग ती उभी राहिली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मुलाकडे पाहून म्हणाली, "च्या घेतं का?"

आतेभाऊ खाटेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. चहा आत्यानेच केला. साखर दोनदा पडली होती, तरी आम्ही सगळे तो प्यायलो. गाडी मोकळीच परत गेली. आता तो महिन्यातून एकदा येतो आणि आईचं वाढून होईपर्यंत मदतीलासुद्धा स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. बाईंनी त्याला बहुधा काही सांगितलं असावं.

पुढे बाई एक दिवसाआड येऊ लागल्या, मग आठवड्यातून एकदा. आत्या चार पायांची काठी टेकत बाजारात जायला लागली आणि भाजीवाल्यांचा सुखाचा काळ संपला. शेवटच्या दिवशी आत्याने बाईंना जेवायला थांबवलं. डाव्या हाताने भाकर थापली. ती वाशीम जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती. ताट वाढलं, पुढे ठेवलं, वर तिखटावर तेल सोडलं. बाई ताटाकडे नुसत्या बघत राहिल्या. "जेव न वं, काय पाह्यतं?" आत्या म्हणाली. बाई म्हणाल्या, "मले कोणी आयतं वाढून देल्लं नाई लय वर्षांत." मग खाली मान घालून त्या भराभरा जेवल्या आणि कधी नव्हे ते दुसरी भाकर मागून घेतली.

आता त्या इंझोरीला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जातात. रोज संध्याकाळी आत्याला त्यांचा फोन येतो आणि पेरणीवरून दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर आत्याला जेवण जात नाही. मागच्या महिन्यात ती मला म्हणाली, "थिच्या घरी कोणी नाई रे. म्हातारी झाली का तिले माह्याकडे ये म्हण. मागची खोली रिकामीच हाये." चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या पंचावन्न वर्षांच्या बाईंच्या म्हातारपणाची सोय लावत होती आणि त्यात काही विनोद आहे असं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

परवा मंगरूळपीरच्या बसस्टँडवर बाई भेटल्या. पायांत तेच बूट, खांद्याला पिशवी. मी त्यांना आत्याचा निरोप सांगितला. त्या बराच वेळ समोरच्या बसची पाटी वाचत राहिल्या. त्यांची गाडी लागली, माणसं दारात रेटारेटी करू लागली. पायरीवर एक पाय ठेवून त्या मागे वळल्या.

"भाऊ," म्हणाल्या, "त्या मागच्या खोलीची खिडकी उघडते का, थेवढं मायले इचारून ठेवा."