बुलंदबाईंचा उलटा वर्ग

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. दोन ट्यूबलाइट, त्यातली एक उजेड द्यायच्या आधी बराच वेळ विचार करते. लहान मुलांच्या मापाचे बाक, फळ्यावर दिवसाच्या शाळेतलं अर्धवट पुसलेलं गणित. खालून हातोडीची टकटक आणि बाजाराचा गलका. मग जिन्यात चपला वाजतात आणि कामावरून सुटलेली मोठी माणसं त्या चिमुकल्या बाकांत स्वतःला कोंबू लागतात. पुढे बसते इस्पितळातली मावशी, वॉर्डातल्या फिनेलचा वास अंगावर घेऊन. तिच्या शेजारी टेलरताई, गळ्यात अजून मापाची टेप. मागे बसचा कंडक्टर. त्याचे पाय बाकात मावत नाहीत, म्हणून ते कायम वाटेत.

आणि मग बाईंचा प्रवेश.

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर असेल. सगळी गल्ली त्यांना बुलंदबाई म्हणायची. आवाजच तसा होता हो! भरदार, घोटीव, तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृहात घुमावा असा. गेली कित्येक वर्षं संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग म्हणजे बाईंचा एकपात्री प्रयोग. दुकानदार त्याच, हुज्जत घालणारं गिऱ्हाईक त्याच, डॉक्टर त्याच आणि कण्हणारा पेशंटही त्याच. खालचा सायकलवाला पंक्चर काढता काढता कान वर करून ऐकायचा. वर्गात हशा, टाळ्या. घरी जाताना जो तो म्हणायचा, ‘काय इंग्रजी आहे बाईंचं!’

बाईंचं. हा शब्द बाईंना पुष्कळ दिवस गोडच लागला.

मग आवाज चरचरू लागला. आधी संध्याकाळी, मग दुपारपासून. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि स्वरतंतूवरची गाठ काढावी लागेल म्हणून सांगितलं. ऑपरेशन, त्यानंतर काही महिने मौन, आणि पुढे आवाज कसा येईल याची खात्री नाही. तोवरही जमेल तितकं गप्प राहा, असं बजावलं.

बाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं. मग आणखी पुढे ढकललं. कारण मुख्य सरांनी प्रेमानेच, पण स्पष्ट सांगितलं होतं, “बाई, मुका वर्ग चालायचा कसा? तुम्ही सुटी घ्या, मी त्या नव्या सरांना देतो.” एकदा दिलेला वर्ग परत मिळत नसतो, हे बाई जाणून होत्या. वर्ग नाही तर बाई कोण?

घरी धाकटी बहीण आणि तिची कॉलेजातली मुलगी. भाचीने तोडगा काढला. “मावशी, सकाळी तुझा घसा बरा असतो ना? तेव्हा थोडं थोडं बोल, मी फोनवर रेकॉर्ड करते. धडा सगळ्यांना पाठवायचा. तो त्यांनी घरी बघायचा, आणि वर्गात येऊन नुसतं बोलायचं.”

“म्हणजे शिकायचं घरी आणि गृहपाठ शाळेत?” बहीण पोळी उलटता उलटता म्हणाली. “मग उद्यापासून मी पण ताटं धुऊन घेते, स्वयंपाक नंतर बघू.”

“आई, तू गप्प बस गं. याला उलटा वर्गच म्हणतात.”

स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून बाई साड्या आणि रजयांच्या मध्ये तोंड घालून बसत, आणि घसा जपत हळूहळू बोलत. एकही टाळी नाही. समोर फक्त नॅप्थलीनच्या गोळ्या. रंगभूमीचं राजेपण भोगलेल्या बाईला कपाटात बसवणं म्हणजे शिक्षाच ती. पण बसल्या बिचाऱ्या.

सुटीच्या आठवड्यात धडा सगळ्यांच्या फोनवर गेला. पहिल्या संध्याकाळी वर्ग प्रयोगाची वाट बघत बसला. बाईंनी हातात पाटी घेतली आणि लिहिलं, ‘धडा पाहिलात? आता तुम्ही.’ मावशीला त्यांनी डॉक्टर केलं, कंडक्टरला पेशंट. दोघं उभी राहिली. आणि काय सांगावं! कंडक्टर, ज्याच्या एका हाकेने भरलेली बस आत सरकते, तो ओठ जेमतेम हलवत कुजबुजला, “डॉक्टर, आय हॅव पेन.” मावशी त्याहून हळू, “व्हेअर इज द पेन?” टेलरताईची जोडी तशीच. सगळा हॉल खुसूखुसू. जणू तिथे कुणी बाळ नुकतंच झोपलंय.

बाईंनी पाटीवर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

“तुम्हीच तर असं बोललात ना बाई,” कंडक्टर गोंधळून म्हणाला. “आम्ही घरी रोज ऐकलं. आमच्या हिला पण पाठ झालं. आम्हाला वाटलं, खरं इंग्रजी असंच हळू बोलतात.”

“मला तर वाटलं, हीच मोठ्या लोकांची पद्धत,” टेलरताई म्हणाली. “गिऱ्हाइकाशी तसंच बोलले. ती बाई म्हणाली, आत कुणी आजारी आहे का?”

बाई पोट धरून हसल्या, आवाज न करता. आणि हसता हसता खाली बसल्या. कारण त्यांच्या ध्यानात आलं ते अचाट होतं. एवढी वर्षं त्या घसा फोडून शिकवत होत्या, तेव्हा या लोकांनी त्यांच्याकडून टाळीशिवाय काही घेतलं नाही. आणि आता? श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे ओढायचा, सगळं जसंच्या तसं उचललं होतं. कपाटातल्या कुजबुजीसकट!

बाईंनी जोड्या फोडल्या. डॉक्टर हॉलच्या या टोकाला, पेशंट त्या टोकाला. बाजाराकडच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. पाटीवर लिहिलं, ‘आता ऐकू येऊ दे.’ खालून हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, हातोडी. कुजबूज पार वाहून गेली. मावशीने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग कमरेला पदर खोचून असा काही सूर लावला, की खालची हातोडी थांबली. “व्हेअर! इज! द पेन?”

“एव्हरीव्हेअर!” कंडक्टर गरजला. हा शब्द काही त्या धड्यात नव्हता.

त्या दिवसापासून हॉल उकळू लागला. घरी नक्कल पाठ करून यायचं आणि संध्याकाळी तालीम. बाई जोड्यांमधून फिरत, अडखळणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवत, आणि शक्यतो काहीच सांगत नसत. न सांगणं हे सांगण्याहून केवढं कठीण, हे ज्याने विंगेत उभं राहून दुसऱ्याला वाक्य विसरताना पाहिलंय त्यालाच कळेल.

अखेर मुख्य सर वर्ग बघायला आले. वर्ग बाईंकडे राहतो की नव्या सरांकडे जातो, ते आज ठरणार होतं. बाईंनी सकाळपासून एक शब्दही उच्चारला नव्हता. सर दाराशी खुर्ची टाकून बसले. हॉलमध्ये एकच गदारोळ. टेलरताईने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली होती, गिऱ्हाईक म्हणजे कंडक्टर, आणि भांडण घरून पाहून आलेल्या धड्याच्या केव्हाच पुढे गेलं होतं.

“दिस इज नॉट माय हँड!” कंडक्टर काल्पनिक बाही हलवत म्हणाला.

“युवर हँड इज राँग. माय शर्ट इज गुड!”

सरांना हसू आवरेना. तरी ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “छान, छान. पण बाई शिकवायला सुरुवात कधी करणार?”

मावशी वळली. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढताना वळते तशी. “प्लीज वेट, सर. वुई आर वर्किंग.”

हे वाक्य तिला कुणी दिलं नव्हतं. ते कुठल्या धड्यात नव्हतं, पाटीवर नव्हतं. मावशीला गरज पडली आणि ते आपसूक आलं. लगेच ती पुन्हा कल्लोळात मिसळली, तिला स्वतःला त्याचं काही वाटलंही नाही.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. जन्मभर प्रकाशात उभी राहिलेली ती बाई पहिल्यांदाच अंधारातल्या खुर्चीवर बसून नाटक बघत होती, आणि नाटक तिच्यावाचून चाललं होतं. उत्तम चाललं होतं! डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं भान नव्हतं. एवढं मोठं काही आपल्या हातून घडलं, तेही गप्प बसून, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

वर्ग सुटल्यावर जिन्यात सर म्हणाले, “बाई, उद्याच दवाखान्यात जा. वर्ग तुमचाच. धडे रेकॉर्ड झालेलेच आहेत, नवे सर येणार नाहीत.” मग ओशाळून पुढे म्हणाले, “तुम्ही परत येईपर्यंत कुणीतरी पाहायला हवं म्हणून मीच येऊन बसत जाईन. चालेल ना?”

ऑपरेशन नीट झालं. पुढे आवाज परतलाही, पण बारीक, सुईत ओवता येईल असा. म्हणून त्या संध्याकाळी जिन्यात बाई जे बोलल्या, त्याचं मोल. बाईंनी पाटी खाली ठेवली, डॉक्टरांची आज्ञा मोडली, आणि त्या जुन्या बुलंद घशातून, होता नव्हता तेवढा सूर लावून अखेरचं बोलल्या:

“या की सर. पण घरून धडा बघून या हं, मावशी कुणाची गय करत नाही.”